करी रोडचा चढ

ही घटना खरी आहे.

ज्याच्या बाबतीत घडली तो कोंडीराम मेस्त्री भुताखेतांच्या गोष्टी सांगत बसणारा माणूस नव्हता. चाळीत कोणी हडळीचा किंवा मुंज्याचा विषय काढला की हा म्हणायचा, "प्लग काढून बघ आधी, कचरा असेल." पण ही एक गोष्ट मात्र त्याने फार थोड्या लोकांना सांगितली. सांगताना दर वेळी आवाज खाली आणला, आणि शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही.

साल छप्पन. पावसाळा नुकताच सरला होता. ठिकाण, करी रोडचा पूल.

आणि वेळ... मध्यरात्र वगैरे काही नाही. घराघरांतून दिवे लागतात, ती वेळ.

कोंडीरामचं गॅरेज लालबागला एका गल्लीच्या तोंडाशी होतं. गॅरेज म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, एक खड्डा आणि भिंतीला टांगलेले पाने. पण माणूस हाताने पक्का. गिरगावातून, दादरहून लोक गाड्या घेऊन यायचे.

त्यांतलेच एक डॉक्टर हेरंब पाटणकर. राहायचे ठाकूरद्वारला, पण त्यांचा एक दवाखाना डिलाईल रोडला होता. रोज दुपारनंतर ते तिथे येत आणि संध्याकाळी पूल ओलांडून, लालबागवरून घरी जात. गाडी विलायती, काळी, चार दरवाज्यांची. डॉक्टरांनी पोटच्या पोरासारखी जपलेली.

एके दिवशी डॉक्टर गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "मेस्त्री, गाडी ओढत नाही."

"कधी? गार असताना की गरम झाल्यावर?"

"ते नाही सांगता येत. करी रोडच्या पुलावर ओढत नाही."

कोंडीरामला हसू आलं. गाडीला काय पूल ओळखू येतो? पण गिऱ्हाइकापुढे हसायचं नसतं, म्हणून त्याने बॉनेट उघडलं.

प्लग काढले. चांगले बिस्किटाच्या रंगाचे होते, ना काळे, ना पांढरे. ठिणगी निळी. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवलं, तर अंगठा उडत होता. म्हणजे दाब ठीक. कार्बोरेटर उतरवून जेट फुंकून काढला. पेट्रोल धो धो येत होतं. चाकं उचलून हाताने फिरवली, ब्रेक कुठे घासत नव्हता. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, धूर मोकळा येत होता.

गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

चिंचपोकळीच्या पुलावर नेली. हरणासारखी चढली. दादरच्या टिळक पुलावर नेली. तिथेही तेच. कोंडीरामने डॉक्टरांना गाडी परत दिली आणि मनात म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. डॉक्टरांनाच गिअर टाकता येत नसेल.

दोन दिवसांत गाडी पुन्हा दारात.

त्या दिवसांत कोंडीरामचं निम्मं चित्त गाडीत आणि निम्मं डिलाईल रोडला असायचं. तिथे त्याची धाकटी बहीण मालन राहायची, बी.डी.डी. चाळीत. दिवस भरत आले होते. आधीची दोन मुलं जन्मतानाच गेली होती, दोन्ही घरातच, सुईणीच्या हाती. या वेळी डॉक्टर पाटणकरांनीच बजावलं होतं, वेणा सुरू झाल्या की तडक परळच्या हॉस्पिटलात न्यायचं, घरी एक घटकाही काढायची नाही. मालनचा नवरा आनंदा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला जाऊन तुरुंगात बसलेला. आई राधाबाई मालनपाशी राहायला गेली होती. पण पोरीला न्यायची जबाबदारी भावाची.

"तू घाबरू नको," त्याने मालनला सांगितलं होतं. "मी गाडी घेऊन येतो. तुझं हे पोर मी जाऊ देणार नाही."

बोलून गेला खरा. तेव्हापासून त्याला झोप नव्हती.

तर गाडी परत आली, तेव्हा कोंडीराम म्हणाला, "चला डॉक्टर, तुमच्या पुलावरच जाऊ."

दोघे लालबागकडून पूल चढून डिलाईल रोडला उतरले. गाडी झकास चढली. तिथे गाडी वळवली आणि परत पुलाच्या पायथ्याशी आले.

आणि तिथे...

गाडीने मान टाकली.

तिसऱ्या गिअरवरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला. डॉक्टरांचा पाय पार खाली गेलेला. इंजिन कण्हत होतं. मागून येणारा हातगाडीवाला त्यांना मागे टाकून पुढे गेला. कसंबसं पुलाचं माथं आलं, आणि गाडी एकदम मोकळी झाली. जणू काही झालंच नव्हतं.

कोंडीराम मनातल्या मनात एकेक दोष खोडत होता. क्लच सुटत असता तर इंजिन नुसतं ओरडलं असतं, गाडी पुढे गेली नसती. ब्रेक धरत असता तर चाकं तापली असती. त्याने उतरून चारही चाकांना हात लावला. गार होती.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला. "या वेळी तुम्ही एकटे चालवा. मी मागून चालत येतो. बघू दे मला बाहेरून."

पुन्हा पायथा. डॉक्टर एकटे गाडीत. कोंडीराम मागे, रस्त्यात उभा. डॉक्टरांनी पहिला गिअर टाकला.

आणि कोंडीरामच्या डोळ्यांदेखत... गाडीची डावी बाजू हळूच खाली बसली.

खड्डा नव्हता. धक्का नव्हता. माणूस पायरीवर पाय देऊन आत शिरतो आणि सीटवर बसतो, तेव्हा गाडी जशी दबते, तशी दबली. स्प्रिंगच्या पाट्या कुरकुरल्या. मग डॉक्टरांनी क्लच सोडला आणि गाडी कण्हत निघाली.

त्याने मागच्या काचेतून आत पाहिलं. डॉक्टरांचं डोकं तेवढं दिसत होतं.

इंजिनाची ताकद कुठेच गेलेली नव्हती. इंजिन बिचारं जीव तोडून ओढत होतं. गाडीच जड होत होती.

हे डॉक्टरांना सांगायचं कसं? गाडी पुन्हा वळवून डिलाईल रोडच्या पायथ्याशी आणली, तेव्हा तो तोंडाला कुलूप लावून त्यांच्या शेजारी बसला. तेवढ्यात गिरणीची पाळी सुटली. चौघे ओळखीचे कामगार दिसले, त्यांना लालबागपर्यंत यायचं होतं. कोंडीरामने मुद्दाम बोलावलं. तिघे मागे, एक पुढे, दाटीवाटीने. डॉक्टर म्हणाले, "अहो मेस्त्री, रिकामी चढत नाही, सहा माणसं घेऊन काय चढणार?"

गाडी एका दमात वर गेली.

डॉक्टर खूश. मागचे कामगारही खूश. कोंडीराम मात्र भरलेल्या जागा मोजत होता.

जागा भरलेली असली की गाडी चढते. जागा रिकामी असली की चढत नाही.

कारण मग ती रिकामी राहत नाही.

"काय दोष निघाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठवडाभर ठेवा माझ्याकडे. इंजिन उघडून बघतो," कोंडीराम म्हणाला. इंजिनात काही सापडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण दुसरं काय सांगणार? डॉक्टर शिकलेले. त्यांनी त्यालाच तपासायला घेतलं असतं.

इंजिन उघडायची वेळच आली नाही. दोन दिवसांनी मुंबईत हरताळ झाला.

ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही. दुकानांना फळ्या लागलेल्या. लालबागच्या नाक्यावर जमावबंदी, जागोजागी पोलीस. रस्ता इतका शांत की कावळ्यांचं ओरडणंही मोठं वाटत होतं. कोंडीराम गॅरेजचं दार अर्धं लोटून आत बसला होता.

दिवेलागणीला दारावर थापा पडल्या. मालनच्या शेजारची चंपा. पूल ओलांडून धावत आलेली, धाप लागलेली.

"भाऊ, चला. मालनला कळा सुरू झाल्यात. दुपारपासून सुरू झाल्यात, पण ती बोललीच नाही. आता पाणी गेलंय."

गॅरेजमध्ये चालू अवस्थेतली एकच गाडी होती.

कोंडीरामने तिच्याकडे पाहिलं. ती काळी गाडी अंधारात गप उभी होती. त्याच्या मनात काय आलं असेल ते आपल्याला कळू शकतं. पण मालनला दिलेला शब्दही होता. आणि युक्ती त्याला माहीत होती. गाडी भरायची. एकही जागा रिकामी सोडायची नाही.

चंपाला घेऊन तो निघाला. त्या बाजूने पूल त्रास देत नव्हता, आजही दिला नाही. चाळीपाशी गाडी लावली. राधाबाईने आणि चंपाने मालनला धरून खाली आणलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. मागच्या सीटवर आई बसली आणि तिच्या मांडीवर डोकं देऊन मालन आडवी झाली. मागची जागा भरली. पुढे चंपा. तरी मध्ये एक माणूस मावला असता, म्हणून कोंडीरामने चाळीतल्या रघुला हाक मारली. "बस रे, सोबतीला चल."

"हरताळात कुठे निघालास?"

"विचारू नको. बस."

गाडी गच्च भरली. कोंडीरामने मनातल्या मनात गावच्या देवाला, वेतोबाला हात जोडले आणि गाडी सोडली.

पुलाच्या पायथ्याशी पोलीस उभे होते.

एक गोरागोमटा इन्स्पेक्टर दूर जीपला टेकून बघत होता. हवालदार पुढे आला. मराठी माणूस होता, पण त्याचाही इलाज नव्हता. त्याने गाडीत डोकावून बघितलं.

"पाच जण? जमावबंदी आहे, माहीत नाय काय? बाळंतीण जाऊ दे. सोबत एक बाई. बाकीचे खाली."

"हवालदारसाहेब, पुलापलीकडे उतरवतो ना यांना..."

"साहेब बघतोय," हवालदार दबक्या आवाजात म्हणाला. "माझी नोकरी घालवू नको. उतर गं बाय. चल, तू पण उतर."

चंपा उतरली. रघु उतरला. दार लागलं.

कोंडीरामच्या डाव्या हाताला जागा रिकामी झाली.

त्याने झटकन मालनच्या कपड्यांचं गाठोडं उचललं आणि त्या सीटवर ठेवलं. मोठं गाठोडं होतं. दाबून बसवलं.

मग गिअर टाकला.

चार हात पुढे गेला असेल नसेल...

गाठोडं सीटवरून सरकलं. आणि खाली, पायांपाशी पडलं.

गाडी वळली नव्हती. ब्रेक लागला नव्हता. कोणीतरी बाजूला सारावं तसं ते सरलं.

आणि मग सीटची गादी... हळूहळू दबली.

कोंडीरामने समोरून नजर काढली नाही. पण कडेने दिसत होतं. रेक्झिनला खळगा पडला होता. आणि वास येत होता. टिंक्चरचा, आणि त्याखाली दुसरा कसला तरी, लोखंडासारखा. आणि कोणीतरी श्वास घेत होतं. श्वास घेताना बारीक शिटी वाजत होती.

मालनचा तो श्वास नव्हता. मालन मागे होती.

गाडी जड झाली. दुसरा गिअर. पहिला. इंजिन थरथरलं. चढाच्या मध्यावरही पोहोचलं नव्हतं तेव्हा एकदा मोठ्याने खोकलं...

आणि बंद पडलं.

कोंडीरामने हँडब्रेक ओढला. स्टार्टर दाबला. खर्रर्र. पुन्हा दाबला. आवाज बारीक होत गेला आणि थांबला. बॅटरी बसली.

मालन मागे विव्हळली. मोठ्याने नाही, दात आवळून. ते जास्त वाईट होतं.

"झिला, काय झालां?" राधाबाई मागून ओरडली. "पोरगी माझ्या हातात ऱ्हवाची नाय रे. बेगीन कर काय तां."

पूल ओस पडलेला. खाली रुळांवर एकही गाडी नव्हती. ढकलायला हाक मारावी असं कोणी नाही. पोलीस मागे वळणाआड. आणि शेजारी तो शिटी वाजणारा श्वास, संथ, एकसारखा.

मुंबईत गाडी बंद पडली की काय करतात? गाडीत बसलेला माणूस उतरतो आणि धक्का मारतो. सांगावंही लागत नाही. ओळख असो नसो, पावसात असो, उन्हात असो. ही रीतच आहे.

कोंडीराम पुढे नेहमी सांगायचा, की मी विचार करून बोललोच नाही. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं.

"दादा," तो समोर बघतच म्हणाला, "बहीण आहे माझी. उतरता काय? जरा धक्का मारा."

श्वास थांबला.

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग सीटची गादी कुरकुरली... आणि वर आली. खळगा भरून निघाला. दार उघडलं नाही. गाडी मात्र डावीकडून उचलल्यासारखी झाली.

आणि मागे, डिकीवर...

धप. धप.

दोन तळहात टेकल्याचा आवाज.

कोंडीरामने हँडब्रेक सोडला. गाडी मागे जायला हवी होती. चढ होता तो.

ती पुढे सरकली.

इंजिन बंद. दिवे बंद. आणि काळी गाडी करी रोडचा चढ चढत होती. मागून पावलं ऐकू येत होती. अनवाणी. एक पाऊल पडायचं, दुसरं फरफटत यायचं. एक पडायचं, दुसरं फरफटायचं. आणि जोर लावताना माणूस कण्हतो तसं, "हं... हं... हं..."

"गाडी कोण ढकलता रे मागसून?" राधाबाईने मान वळवून काचेतून पाहिलं. "कोण दिसणा नाय."

"बघू नको आये. तू तिचा हात धर."

गाडीला वेग आला. कोंडीरामने दुसरा गिअर टाकला, श्वास रोखला आणि क्लच सोडला. एक हिसका बसला. इंजिन धडधडून जागं झालं, आणि इतक्या दिवसांत उसळली नव्हती अशी गाडी उसळली.

आता रीतीचा दुसरा भाग. गाडी सुरू झाली की थोडं पुढे जाऊन थांबायचं. धक्का मारणारा धावत येतो, त्याला आत घ्यायचं. निदान खिडकीतून हात तरी करायचा.

कोंडीराम थांबला नाही.

मागून पावलं धावली. एक पडत, एक फरफटत, जोरात. जवळ आली. मागच्या मडगार्डवर एक थाप पडली. आणि एक हाक आली, दमलेल्या माणसाची, साधी.

"ओ..."

त्याने पाय आणखी खाली दाबला.

"अरे, थांब मरे," राधाबाई म्हणाली. "तो माणूस मागे ऱ्हवलो."

पूल संपला. लालबागचे दिवे दिसले. कोंडीरामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते भीतीचं होतं की कशाचं, ते त्याला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

हॉस्पिटलच्या दारात मालनला स्ट्रेचरवर घेतलं. नर्स म्हणाली, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. कोंडीराम जिन्यावर बसून राहिला. बऱ्याच वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडका, जिवंत.

मुलगी झाली होती. बाळ, बाळंतीण दोघी सुखरूप.

राधाबाई बाहेर आली. लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि पहिलं काय विचारलं, तर, "त्या माणसाक बगलंस मागसून? आमच्यार उपकार ऱ्हवले त्याचे."

कोंडीराम उठून गाडी बाजूला लावायला गेला.

हरताळ मिटल्यावर तो गाडी घेऊन ठाकूरद्वारला गेला. डॉक्टरांनी चहा मागवला, पेढेही पुढे ठेवले, मालनची चौकशी केली. मग विचारलं, "सापडला का आमच्या गाडीचा दोष?"

"डॉक्टर, ही तक्रार नेमकी कधीपासून?"

डॉक्टरांनी आठवून सांगितलं. "जानेवारीपासून. गोळीबार झाला ना, त्या दिवसापासूनच बिघडली ती. तुमच्याआधी दोन गॅरेजांना दाखवून झाली. मी दवाखान्यात होतो. दारातच चार जण पडले होते. ॲम्ब्युलन्स कुठली मिळायला? घेतलं सगळ्यांना याच गाडीत. तिघांना मागे आडवं घातलं. चौथ्याच्या मांडीतून गोळी गेली होती, धापेने श्वासाला शिटी लागली होती, पण शुद्धीवर होता. मी घाईत टिंक्चर ओतून पट्टी बांधली आणि त्याला पुढे बसवलं. ओझं झालं, पुलाच्या चढावर बंद पडली."

"मग?"

"मग काय करणार? त्यालाच म्हटलं, बाबा रे, उतरतोस का, जरा धक्का दे. उतरला बिचारा. तशा पायाने दिला धक्का. सुरू झाली गाडी."

डॉक्टरांनी कप उचलला.

"आणि तो?" कोंडीरामने विचारलं.

"तो कोण?"

"धक्का मारणारा."

कप हवेतच राहिला. खाली रस्त्यावर भाजीवाली ओरडत होती. डॉक्टर खिडकीकडे बघत होते.

"मागून पोलिसांच्या शिट्या वाजत होत्या, मेस्त्री," ते सावकाश म्हणाले. "थांबलो असतो तर पुन्हा सुरू झाली नसती. गाडीत तीन माणसं होती. तिन्ही वाचली."

"आणि चौथा?"

"त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही."

कोंडीरामच्या जिभेवर खूप काही आलं. पण तो कोणत्या तोंडाने बोलणार होता? परवा त्याच पुलावर, त्याच चढावर, त्याच माणसाला त्यानेही तेच सांगितलं होतं. शब्दसुद्धा जवळपास तेच. आणि तोही थांबला नव्हता. भाचीसाठी थांबला नव्हता, हे खरं. डॉक्टरही त्या तिघांसाठी थांबले नव्हते. पुलावर उभ्या राहिलेल्या माणसाला त्याचं काय?

कोंडीरामने पेढा तसाच बशीत ठेवला आणि गाडी आणखी एक दिवस मागून घेतली.

त्या संध्याकाळी तो एकटा डिलाईल रोडच्या बाजूने पुलाच्या पायथ्याशी आला. गाडी थांबवली. डाव्या बाजूचं पुढचं दार सताड उघडलं.

"दादा, बसा," तो म्हणाला. "चला, सोडतो तुम्हाला."

येणारेजाणारे बघत होते. त्याने पर्वा केली नाही. दार उघडं ठेवून तो बसून राहिला. अंधार दाटला. वाऱ्याने दार थोडं हललं.

सीट दबली नाही. पाट्या कुरकुरल्या नाहीत.

शेवटी त्याने दार लावलं आणि गाडी सोडली. मनात एकच आशा होती, की आता तरी गाडी जड होईल. पहिल्या गिअरवर येईल. कण्हेल.

गाडी पिसासारखी चढली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तेच. त्यानंतर त्या गाडीने करी रोडच्या चढावर कधीच दगा दिला नाही. डॉक्टर जन्मभर सांगत राहिले, की कोंडीराम मेस्त्रीच्या हाताला यश आहे. कोंडीराम त्या गाडीला पुन्हा हात लावायला मात्र तयार झाला नाही. काही ना काही कारण काढून तो तिला दुसऱ्या गॅरेजकडे पाठवायचा.

महाराष्ट्र राज्य झालं. आनंदा तर केव्हाच सुटून आला होता. मालनची मुलगी शाळेत जाऊ लागली. कोंडीराम तिला खांद्यावर घेऊन सगळीकडे हिंडायचा, पण त्या पुलावरून कधी नेली नाही. भायखळ्याचा वळसा घालून न्यायचा. मालन हसायची, म्हणायची, भाऊला उगाच चालायची हौस.

पण गॅरेज म्हटलं की चार गाड्या येणारच. आणि गाडीवाले बोलणारच.

एकदा जयवंत नावाचा टॅक्सीवाला आला. "मेस्त्री, बॅटरी बघा जरा. काल करी रोडच्या चढावर बंद पडली. पॅसेंजर आजारी, रस्त्यावर चिटपाखरू नाय. मी म्हटलं आता झालं कल्याण. तेवढ्यात मागून कोणीतरी धक्का दिला ओ. एकट्या माणसाने. पार वरपर्यंत."

कोंडीरामच्या हातातला पाना खाली आला.

"दिसला तुला?"

"छे. अंधार होता. पण भला माणूस असेल कोणीतरी."

"पाय ओढत होता?"

जयवंतने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "तुम्हाला काय माहीत? ओळखीचा आहे काय तुमच्या?"

 कोंडीरामने एवढंच विचारलं, "गाडी सुरू झाल्यावर थांबलास त्याच्यासाठी?"

"उशीर झाला होता ओ, मेस्त्री," जयवंत म्हणाला. "पॅसेंजर आजारी होता ना."

तेव्हापासून करी रोडच्या चढावर बंद पडलेली कुठलीही गाडी गॅरेजला आली, की कोंडीराम बॉनेट उघडण्याआधी तोच एक प्रश्न विचारायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा चळला. कोणी आजारी माणूस नेत होतं, कोणाची पाळी चुकत होती, कोणाची घरी वाट बघत होते. प्रत्येकाचं कारण खरंच असायचं.

पण थांबलो होतो, असं अजून एकानेही सांगितलेलं नाही.